मंगलठाणचे शेत आणि दोनशे कार्षापण : बोरिवलीच्या दोन सहस्रकांचा जमाखर्च

बोरिवली पूर्वेला द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्या मेट्रोचे एक स्थानक मागाठाणे या नावाचे आहे. एप्रिल 2022 मध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हा हे नाव फलकावर आले. रोज सहस्रावधी माणसे ते वाचतात आणि पुढे जातात. उपनगरातील इतर नावांसारखेच हे एखाद्या पाड्याचे किंवा वाडीचे नाव असावे, अशीच बहुतेकांची समजूत असते. परंतु हे नाव सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या एका दानपत्रात कोरलेले आहे. ते दानपत्र राजाचे नाही, सरदाराचे नाही. ते एका व्यापाऱ्याचे आहे.

स्थानकापासून काही किलोमीटर अंतरावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, कान्हेरीची लेणी आहेत. त्यांपैकी एका लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याच्या कारकिर्दीतील शिलालेख आहे. कल्याणचा रहिवासी, आनंदाचा पुत्र अपरेणुक नावाच्या 'नेगम' म्हणजे व्यापाऱ्याने तेथे लेणे आणि दालन खोदवून भिक्षुसंघाला अर्पण केले. दान देऊन तो थांबला नाही. त्यासोबत त्याने दोनशे कार्षापण आणि 'मंगलठाण' गावातील एक शेत संघाच्या नावे करून दिले. मूळ रक्कम आणि जमीन तशीच राहावी आणि त्यांच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रादी गरजा दरवर्षी भागाव्यात, अशी ही व्यवस्था होती. अभ्यासकांच्या मते ते मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे होय.

बोरिवलीच्या इतिहासाकडे पाहण्याची एक किल्लीच या लेखात आहे. या उपनगरात बौद्ध, शैव, ख्रिस्ती, पारशी आणि जैन या सर्वांच्या खुणा आहेत. कोणी लेणी कोरली, कोणी मठ बांधले, कोणी युद्धस्मारके उभी केली. त्यांतील काय टिकले आणि काय मोडकळीला आले याचा हिशेब मांडू गेल्यास एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. बांधणाऱ्याने सांभाळण्याची तरतूद केली होती काय? आणि ती तरतूद चालवणारी माणसे मागे उरली होती काय?

अक्षयनीवी : मुद्दल अखंड, व्याज धर्माला

शिलालेखांत या तरतुदीला 'अक्षयनीवी' म्हटले आहे. नीवी म्हणजे मूळ भांडवल. ज्याचा क्षय होऊ द्यायचा नाही असे भांडवल ती अक्षयनीवी. दात्याने रक्कम विश्वासू हाती ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि येणारे व्याज ठरलेल्या कार्यासाठी वापरायचे, हे तिचे सूत्र.

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालत असे, हे पाहण्यासाठी क्षणभर बोरिवलीबाहेर नाशिकला जावे लागते. तेथील पांडवलेण्यांत क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्टी श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, तर एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना वस्त्रे द्यायची आणि दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च भागवायचा. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त वाढ वापरायची, असे त्यात स्पष्ट नोंदले आहे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि फलकावर लिहून ठेवला गेला, असेही लेख सांगतो. म्हणजे ठेवीदार, ठेव स्वीकारणारी संस्था, व्याजदर, लाभार्थी, साक्ष आणि नोंदणी हे सारे आजच्या न्यासपत्रातील तपशील दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात रूढ होते.

कान्हेरीचे वैशिष्ट्य असे की येथील दात्यांत राजघराण्यांपेक्षा गावोगावचे कारागीर आणि वणिक अधिक दिसतात. कल्याण, सोपारा, चौल आणि नाशिक या ठिकाणांची नावे लेखांत वारंवार येतात. सोपाऱ्याचे मणिकार, कल्याणचे सोनार आणि लोहार, खजिन्याचे काम पाहणारे हेरणिक, गृहपती, त्यांच्या स्त्रिया, तसेच भिक्षुणी हे सारे दाते आहेत. कोणी संपूर्ण लेणे दिले, कोणी बसायचा ओटा दिला, तर कोणी पाण्याची 'पोढी' खोदून दिली. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृहही व्यापारी बंधूंच्या दानातून उभे राहिले. व्यापारी मार्ग आणि बंदरे यांच्या मध्यावर असलेल्या या डोंगराला तेव्हाच्या बाजारपेठेने पोसले.

पुरातत्त्व खात्याच्या गणनेनुसार येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ झालेली ही वस्ती जवळजवळ हजार वर्षे नांदती राहिली. त्यामागील एक कारण पाण्यात सापडते. लेण्यांच्या दर्शनी भागावर पन्हळी कोरल्या आहेत, पावसाचे पाणी त्यांतून वाहत शेजारच्या पोढीत जाते, आणि एकेका विहाराला जणू स्वतःची टाकी आहे. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढायचे ही दृष्टी दानाच्या व्यवहारातही होती आणि दगडाच्या कामातही.

अमोघवर्षाचे नाव आणि आदिपुराणातील तीन पुरुष

जैन वाचकाला कान्हेरीत आणखी एक ओळखीचे नाव भेटते. नवव्या शतकातील तीन लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याचा उल्लेख आहे. त्याच्या वतीने उत्तर कोकणावर शिलाहार राजे मांडलिक म्हणून राज्य करीत होते. अमोघवर्ष हा आचार्य जिनसेनांचा भक्त होता. 'प्रश्नोत्तररत्नमालिका' ही रचना त्याच्या नावावर आहे आणि महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' त्याच्याच काळातील आहे. असा जिनभक्त सम्राट गादीवर असताना त्याच्या राज्यातील बौद्ध विहाराला निर्वेधपणे दाने मिळत होती, आणि ती देणारे आपल्या लेखात आदराने त्याचे नाव कोरत होते. अनेकान्ताचा उपदेश आपण ग्रंथांत वाचतो. राज्यकारभारात त्याचे आचरण कसे दिसते, याचा एक दगडी पुरावा बोरिवलीच्या डोंगरात आहे.

त्या लेखांतील एक दाता गौड देशातून, म्हणजे आजच्या बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक होता. त्याने ध्यानासाठी दालने बांधवली आणि शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. दुसऱ्या एका लेखात दानाचा विनियोग खातेवार सांगितला आहे. पूजा, विहाराची दुरुस्ती, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथांची खरेदी अशी वेगवेगळी कलमे त्यात येतात. देवद्रव्य, ज्ञानखाते आणि साधारण खाते यांची सरमिसळ होऊ न देण्याचा दंडक आपल्या संघांत आजही पाळला जातो. तो पाळणाऱ्या विश्वस्तांना ही खातेवारी आपल्याच वहीतील वाटेल.

या डोंगराच्या पायथ्याशी आज पोदनपूर त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर उभे आहे. बोरिवलीकर त्याला साधेपणाने 'तीन मूर्ती' म्हणतात. भगवान आदिनाथ आणि त्यांचे पुत्र भरत व बाहुबली यांच्या भव्य खड्गासन मूर्ती तेथे आहेत. पोदनपूर ही बाहुबलींची राजधानी. भरत-बाहुबलींची कथा ज्या 'आदिपुराणा'त विस्ताराने येते, त्याचे कर्ते आचार्य जिनसेन. ज्या डोंगरावर अमोघवर्षाचे नाव कोरले आहे, त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या गुरूंनी वर्णिलेले तीन महापुरुष अकराशे वर्षांनी मूर्तिरूपाने उभे राहिले. हा योग कोणी ठरवून जुळवलेला नाही, तरी दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घ्यावा असा आहे.

जिथे सांभाळणारे उरले नाहीत

अक्षयनीवी या शब्दात 'अक्षय' असले तरी ती आपोआप अक्षय राहत नाही. ठेव ज्या श्रेणीकडे असते ती श्रेणी विस्कळीत झाली, बाजारपेठ दुसरीकडे गेली, किंवा ज्या संघासाठी दान दिले तोच उरला नाही, की दगडावरील अक्षरे शाबूत राहतात आणि व्यवस्था संपते. कान्हेरीचे तसेच झाले. 1009 आणि 1021 साली पारशी प्रवासी येथे येऊन गेले आणि त्यांनी आपली नावे पहलवी लिपीत नव्वदाव्या लेण्यात कोरली. पुढे पुढे विहारातील वस्ती विरळ होत गेली आणि अखेर डोंगर रानाच्या हवाली झाला.

बोरिवलीच्या पश्चिमेला एकसर हे जुने गाव आहे. तेथे वीरगळ आहेत, म्हणजे युद्धात पडलेल्या योद्ध्यांची स्मारकशिळा. त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते, समुद्रावरील लढाई, धारातीर्थी पडलेले वीर आणि त्यांना स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा कोरल्या आहेत. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील इ.स. 1265 च्या सुमारास झालेल्या युद्धाचे हे चित्रण असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत सूचित केले आहे. भारतीय शिल्पात नाविक युद्धाचे इतके तपशीलवार चित्रण फार थोड्या ठिकाणी आढळते. हा ठेवा आज उपनगराच्या दाट वस्तीत आहे आणि शेजारून जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो काय आहे हे ठाऊक नाही. ज्या राजघराण्यासाठी ते वीर लढले ते संपले, आणि स्मारकाला मागे कोणी वारस उरला नाही.

तेथून उत्तरेला, दहिसरच्या वाटेवर, मंडपेश्वराचे लेणे आहे. हे शैव लेणे. नृत्यमग्न शिवाचे शिल्प ही त्याची शोभा. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, तेव्हा फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी लेण्याचे प्रार्थनास्थळ केले आणि वरच्या बाजूला मठ व विद्यालय बांधले. 1739 साली चिमाजीआप्पांनी वसई जिंकली आणि मठ ओस पडला. आज खाली शिवपूजा चालते, वर मठाच्या भग्न भिंती उभ्या आहेत आणि एका शिल्पित भिंतीवर कोरलेला क्रूस तसाच आहे. एकाच खडकात तीन कालखंड वाचता येतात. हे स्थळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

आणि स्वतः मागाठाणे? तेथेही बौद्ध लेणी आहेत. कान्हेरीच्या तुलनेत लहान, पण कोरीव कामाने संपन्न. आज ती वस्तीने वेढली गेली आहेत, त्यांची मोठी पडझड झाली आहे आणि आतपर्यंत पोहोचणेही सोपे नाही. ज्या गावचे शेत कान्हेरीच्या भिक्षूंना वस्त्रे पुरवत होते, त्या गावच्या लेण्यांना आज निगेचा आधार उरलेला नाही.

तलाव, आगगाडी आणि नवे महाजन

आधुनिक बोरिवली घडवली ती पाण्याने आणि रुळांनी. मुंबई शहराला नळाचे पाणी देण्यासाठी इंग्रजी अमदानीत याच डोंगरात विहार तलाव बांधला गेला. तो 1860 मध्ये पूर्ण झाला. त्यापाठोपाठ 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. पाणलोट क्षेत्र राखण्यासाठी भोवतीचे रान राखले गेले, आणि त्या राखीव रानातूनच पुढे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. महानगराच्या मध्ये बिबटे नांदतात असे हे जगातील दुर्मीळ उद्यान होय. पाणी राखायचे म्हणून रान राखले, रान राखले म्हणून लेणी वाचली. तुळशी तलावातून निघणारी दहिसर नदी आणि याच डोंगरातील पोयसर नदी मात्र सखल भागात येताच नाल्यांसारख्या झाल्या आहेत. 26 जुलै 2005 च्या प्रलयात सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी उपनगरातील नद्यांनी आपल्या जुन्या वाटा सर्वांना दाखवून दिल्या.

1864 मध्ये पश्चिमेची रेल्वे मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हा तिच्या थांब्यांत बोरिवली होती. 5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. 1957 साली बृहन्मुंबईची हद्द वाढून बोरिवली महापालिकेत आली. तोपर्यंत वझिरा, शिंपोली, बाभई, एकसर, कुळूपवाडी ही भाताची, बागायतीची आणि कोळी-आगरी-ईस्ट इंडियन वस्तीची गावे होती. वझिरा नाक्याचा स्वयंभू गणपती, डोंगरीच्या बाजूची जुनी चर्चे आणि गोराईची खाडी हे त्या गावांचे सार्वजनिक जीवन होते.

त्यानंतर आपली मंडळी आली. काळबादेवी, भुलेश्वर, मशीद बंदर येथील पेढ्यांवर काम करणाऱ्या, चाळीतल्या एका खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना बोरिवलीत घर परवडत होते. सकाळची गाडी पकडून बाजारात जायचे आणि रात्री उशिरा परतायचे, हा क्रम पत्करून अनेकांनी येथे संसार थाटले. घर झाल्यावर काही वर्षांतच देरासर, स्थानक, उपाश्रय, पाठशाळा, पांजरापोळीला मदत, वैद्यकीय साहाय्य यांची व्यवस्था उभी राहिली. अपरेणुक कल्याणहून आला होता. ही मंडळी काठियावाड, कच्छ, मारवाड, सांगली-कोल्हापूरकडून आली. नव्या भूमीत पाय रोवल्यावर धर्मकार्याला हातभार लावायचा, हा वणिकांचा जुना रिवाज या मातीला नवा नव्हता.

आपल्या वहीतील अक्षयनीवी

आपल्या अनेक संघांत 'कायम तिथी'ची पद्धत आहे. दाता एकदाच रक्कम देतो, ती ठेवीत राहते, आणि दरवर्षी ठरलेल्या तिथीला तिच्या व्याजातून पूजा, आयंबिल किंवा साधर्मिक भक्ती होते. दात्याच्या पश्चात नातवंडांना त्या तिथीचे पत्र येते. ही अक्षयनीवीच आहे. फरक इतकाच की अपरेणुकाने दगडावर लिहिले आणि आपण पावतीपुस्तकात लिहितो.

परंतु या व्यवस्थेपुढे आज दोन अडचणी आहेत, आणि त्या स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली अडचण व्याजाची. चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या रकमेचे व्याज तेव्हा एका दिवसाच्या भक्तीला पुरत असे. आज त्यातून फुलांचा खर्चही निघत नाही. मुद्दल अखंड आहे, पण त्याचे मोल झिजले आहे. अपरेणुकाने नाण्यांसोबत शेतही दिले होते, यातील शहाणपण येथे ध्यानात येते. नाण्याचे मोल बदलते, जमिनीचे उत्पन्न काळाबरोबर चालते. जुन्या तिथींचे मुद्दल वेळोवेळी तपासून वारसांना वाढीव रक्कम भरण्याचे आवाहन करावे, किंवा व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, हा विचार प्रत्येक विश्वस्त मंडळाने करण्यासारखा आहे.

दुसरी अडचण माणसांची. ज्यांनी बोरिवलीत पहिली देरासरे बांधली ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची मुले पेढी सांभाळत आहेत, नातवंडे बंगळुरूला, दुबईला किंवा अमेरिकेत आहेत. जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात विखुरतात. काही परत येतात, काही येत नाहीत. पुनर्विकासाच्या करारात रहिवाशांना कॉर्पस निधी किती मिळणार, यावर बैठका होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. उंच इमारतीची देखभाल महाग असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी 0.75 टक्के आकारणी सांगितली आहे. घराच्या भिंतीसाठी आपण जी तरतूद करतो, तीच सामूहिक वास्तूंसाठी करतो काय? नव्या शिखराला आणि नव्या प्रतिष्ठेला भरभरून चढावे बोलले जातात. गळणाऱ्या छतासाठी, पुजाऱ्याच्या वेतनासाठी, पाठशाळेच्या शिक्षकासाठी आवाहन केले की हात आखडतात. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे वडीलधारे सांगत आले. त्या वचनामागे किती व्यावहारिक अनुभव होता, हे बोरिवलीच्या भग्न वास्तू पाहिल्यावर पटते.

येत्या सुटीत करता येईल असे

पर्यूषण आटोपून पाऊस ओसरला की कार्तिकापासून माघापर्यंत या भागात फिरण्यास उत्तम काळ. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. मुख्य द्वारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. वाहनाची सोय असते. सकाळी तीन मूर्तींचे दर्शन, मग कान्हेरी, दुपारनंतर मंडपेश्वर आणि एकसर असा दिवस सहज आखता येतो. पाठशाळेच्या मुलांना सोबत न्यावे. चैत्यगृहातील उंच बुद्धमूर्ती त्यांना आवडतीलच, पण पोढ्या आणि पन्हळी आवर्जून दाखवाव्यात. लेखांची अक्षरे ब्राह्मी आहेत, ती वाचता येणार नाहीत. तरी त्यांतील कितीतरी ओळी आपल्यासारख्याच दुकानदारांनी आणि सराफांनी लिहवून घेतल्या आहेत, हे सांगावे. मुले ते विसरत नाहीत.

आणि विश्वस्तांनी एक करावे. दिवाळीला चोपडापूजन होते तेव्हा संघाच्या वहीत एक वेगळे खाते उघडावे, त्याला हवे तर 'अक्षयनीवी' हेच नाव द्यावे, आणि त्यातील मुद्दलाला कधीही हात न लावता व्याज केवळ निगेसाठी वापरण्याचा ठराव करावा. त्यातून छत दुरुस्त होईल, ग्रंथभांडाराला वाळवी लागणार नाही, शेजारच्या एखाद्या बेवारस वीरगळापुढे माहितीचा फलक लावता येईल. मंगलठाणचे शेत आज महामार्गाखाली आणि इमारतींखाली गेले आहे. ते देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याने दानासोबत दानाची व्यवस्थाही लिहून ठेवली.